आत्यापासून एचआरपर्यंत सगळ्यांनी विचारलेले प्रश्न : परदेशातली स्वयंसेवा, नंतरची भटकंती आणि कॅमेरा

पुण्यात परतल्यापासून तीन लग्नं, एक मुंज आणि सोसायटीची एक वार्षिक सभा झाली. पाचही ठिकाणी मला तेच प्रश्न विचारले गेले, क्रमही तोच. आमच्या जिन्यात ‘कृपया बेल एकदाच वाजवावी’ अशी पाटी आहे. हे पान त्याच जातीचं समजा.

आधी थोडक्यात हकीकत. मी सिव्हिल इंजिनिअर, पाणीपुरवठ्याच्या कामातली. आठ वर्षं पुण्यात नोकरी केली. सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२३ टांझानियाच्या दक्षिणेला न्जोंबे भागात स्वयंसेवक म्हणून काम केलं. तिथून सोळा महिने फिरले: झांबिया, इथिओपिया, मधे दोन महिने घर, मग जॉर्जिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान, व्हिएतनाम, कंबोडिया, नेपाळ.

स्वयंसेवा म्हणजे फुकट काम ना?

नाही. पगार नसतो, पण राहण्या-खाण्यापुरता मासिक भत्ता, आरोग्य विमा आणि जाण्या-येण्याचा खर्च बऱ्याच दीर्घ मुदतीच्या योजनांमध्ये मिळतो. श्रीमंत होत नाही माणूस, पण आईकडे पैसेही मागावे लागत नाहीत. माझ्या भत्त्यातून दर महिन्याला थोडे शिल्लक राहायचे, कारण न्जोंबेत खर्च करायला बटाटे, चहा आणि मोबाइलचा रिचार्ज यापलीकडे फारसं काही नव्हतं.

भारतीय पासपोर्टवर कुठून जाता येतं? मी ‘पीस कोर’बद्दल वाचलं होतं.

पीस कोर ही १९६१ साली सुरू झालेली अमेरिकन सरकारची योजना, ती फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. जपानचीही अशी योजना आहे, ती जपान्यांसाठी. आपल्याला खुला असलेला मोठा दरवाजा म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, यूएनव्ही. तो १९७० मध्ये सुरू झाला, मुख्यालय जर्मनीत बॉन इथे. दुसरा व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज), मूळ ब्रिटनमधला, १९५८ पासूनचा. डॉक्टर, नर्स, हिशेबनीस किंवा साठा सांभाळणारे असाल तर मेदसां सां फ्राँतिएर (‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही वैद्यकीय मदत संस्था) भारतातूनही माणसं घेते. ती रीतसर पगारी नोकरी असते, तरी काम त्याच वळणाचं.

या सगळीकडे अनुभव विचारतात. ‘मला लोकांसाठी काहीतरी करायचंय’ एवढं पुरत नाही. प्लंबिंग येतं का, हे विचारतात.

एक एजन्सी दीड लाख घेऊन तीन आठवडे अनाथाश्रमात पाठवते. जाऊ का?

नको. कंबोडिया आणि नेपाळमध्ये अशा आश्रमांमधल्या अनेक मुलांचे आईवडील हयात असतात. पाहुण्यांकडून पैसे येतात म्हणून मुलं ‘जमवली’ जातात. तीन आठवडे जीव लावायचा आणि निघून जायचं, हा त्या मुलांवर दर महिन्याला होणारा प्रयोग आहे. तेवढ्या पैशात सरळ हिंडून या, कुणाचं नुकसान तरी होणार नाही.

तिथे नेमकं काय केलंस?

नळ. बाबा लोकांना सांगतात, ‘आफ्रिकेत प्रोजेक्ट होता.’ प्रोजेक्ट म्हणजे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी उतारावरून पाइपातून खाली गावात आणायचं, पंप नाही, वीज नाही. पुणेकरांना हे समजवावं लागू नये. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, ते याच तत्त्वावर. दर दहा मीटर उतरणीला साधारण एक बार दाब वाढतो. झरा गावाच्या दीडशे मीटर वर असेल तर मधे मधे दाब मोडायला टाक्या बांधाव्या लागतात, नाहीतर खालच्या नळकोंडाळ्याची तोटी उडून जाते. (एकदा उडाली. माझ्या समोर. मी बांधलेली.)

पण खरं काम पाइपाचं नव्हतं. ते एक-दोन हंगामांत पुरं होतं. नळ तीन वर्षांनीही चालू राहावा म्हणून पाणी समिती बसवणं, दर घरामागे वर्गणी ठरवणं आणि ती वर्गणी वहीत लिहिणारं माणूस तयार करणं, दोन वर्षं त्यात गेली.

स्वाहिली अवघड आहे का?

मराठी माणसाला अर्धी सवलत मिळते. अरबी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या कृपेने किती तरी शब्द ओळखीचे निघतात: चाय, चपाती, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, बीमा, किताबू, दुनिया, हेसाबू म्हणजे हिशेब. टोमॅटो-कांद्याच्या कोशिंबिरीला ‘काचुंबारी’. ‘कुपिगा’ म्हणजे मारणे, म्हणून ‘कुपिगा पिचा’ म्हणजे फोटो मारणे आणि ‘कुपिगा सिमू’ म्हणजे फोन मारणे! आपल्याकडे शाळेत ‘फोटो काढ म्हण, मार काय?’ म्हणून ओरडणाऱ्या बाईंची मला तिथे फार आठवण आली. दारात उभं राहून ‘होडी!’ अशी हाक मारायची असते, आतून ‘कारिबू’ आलं की आत जायचं. आणि तीनचाकी रिक्षाला म्हणतात ‘बाजाजी’. आकुर्डीच्या कंपनीचं नाव तिथे वस्तूचं नाव झालंय. मी पुण्याची म्हटल्यावर एका रिक्षावाल्याने माझ्याकडे गिअरबॉक्सची तक्रार केली.

घड्याळ मात्र जपा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात तो त्यांचा एक वाजलेला. मला सांगितलेली बस ‘बारा’ची होती. मी दुपारी बाराला पोचले. ती पहाटे सहाला गेली होती.

कॅमेरा पहिल्या दिवसापासून बाहेर काढलास का?

काढला, आणि तीच चूक. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण पत्रांमध्ये सगळ्यात जास्त याबद्दल विचारतात.

दुसऱ्याच महिन्यात मी एका बाईचा फोटो काढला. डोक्यावर वीस लिटरची पिवळी बादली, अनवाणी पाय, मागे धुकं, अंगावर विटका कांगा, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात ते छापील कापड. न्जोंबे जवळपास दोन हजार मीटर उंचावर आहे, धुकं तिथे फुकट मिळतं. फोटो देखणा होता. तिने मान हलवून होकार दिला होता, निदान मी तसा अर्थ लावला. एका संस्थेने तो वार्षिक अहवालासाठी मागितला, मी खुशीने दिला. छापून आला तेव्हा खाली ओळ होती, आशयाने अशी की ही तहानलेली बाई मदतीची वाट पाहतेय.

सात-आठ महिन्यांनी अहवालाची एक प्रत गावात आली. ती बाई पाणी समितीची खजिनदार होती. चार वर्षांपासून. मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. तिने अहवाल माझ्यासमोर ठेवला आणि आत जाऊन वर्गणीची वही घेऊन आली. दोनशेच्या वर घरांची नावं, प्रत्येक शिलिंगची नोंद, थकबाकी लाल पेनाने. म्हणाली, ‘हेसाबू माझं. बादली त्या दिवशी शेजारणीची होती, तिचा पाय मुरगळला होता.’

रागावली नव्हती, हेच जास्त लागलं. मी संस्थेला पत्र लिहिलं. पुढच्या छपाईत फोटो बदलू असं उत्तर आलं. त्यानंतर मी साडेतीन महिने कामाव्यतिरिक्त कॅमेरा उचलला नाही. पाइपांचे, व्हॉल्व्हचे, गळतीचे फोटो काढायचे, कारण ते अहवालाला लागायचे. माणसांचे नाहीत. त्या काळात मी चहा प्यायले, बटाटे काढायला गेले, दोन अंत्ययात्रांना गेले. मग एके दिवशी खजिनदारबाईंनीच सांगितलं की वहीसकट फोटो हवाय. वही त्यांच्या मांडीवर, हातात लाल पेन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. माझ्या आजीच्या भिशीची आठवण आली.

मग परवानगी मागायची तरी कशी?

भाषेत. ‘नाओंबा कुपिगा पिचा’ एवढं पाठ करा आणि थांबा. थांबणं जमलं पाहिजे. मान डोलावली म्हणजे होकार असं नाही, आपण पाहुणे आहोत म्हणूनही लोक मान डोलावतात. म्हाताऱ्या माणसांना आधी ‘शिकामू’ म्हणायचं, ते ‘माराहाबा’ म्हणतात, तोवर कॅमेरा पिशवीतच. फोटो कुठे जाणार आहे हेही सांगायचं: माझ्याकडे राहणार, छापणार, की विकणार, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५ च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर तो आला आणि जगाला पाठ झाला. २००२ मध्ये शरबत गुला सापडल्या, तोपर्यंत त्यांनी स्वतःचा तो फोटो पाहिलेलाच नव्हता. सतरा वर्षं. मी काढलेला फोटो निघण्याआधी त्या माणसाच्या हातात पडला पाहिजे, एवढा एक नियम मी त्यावरून घेतला. त्यासाठी बॅगेत पोस्टकार्डाएवढे फोटो छापणारा छोटा प्रिंटर ठेवला. वजन होतं. तरी ठेवला.

पैसे मागितले तर? इथिओपियात ओमो खोऱ्यात दर क्लिकला पैसे घेतात, हे प्रवासी नाक मुरडून सांगतात. मला त्यात वावगं वाटत नाही, पण अशा फोटोत दोन्हीकडचे लोक घाईत दिसतात. मी तिकडे गेले नाही.

मुदत संपल्यावर थेट घरी का आली नाहीस?

खरं सांगायचं तर भीती वाटली. दोन वर्षं मी एका गावात ‘पाण्याची बाई’ होते. पुण्यात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी तरी मला सिंहगड रोडच्या ट्रॅफिकबद्दल विचारणार होतं. मला मधे एक लांब जिना हवा होता.

जिन्याची पहिली पायरी माकांबाको स्टेशन. न्जोंबेहून जवळचं. टाझारा रेल्वे दार-ए-सलामहून झांबियातल्या कापिरी म्पोशीला जाते, १८६० किलोमीटर, सत्तरच्या दशकात चीनच्या मदतीने बांधलेली. गाडी अकरा तास उशिरा आली. फलाटावर कोणी कुरकुरलं नाही, कारण सगळे उशीर धरूनच डबे घेऊन आले होते. मीही घेतला होता, चपाती आणि उकडलेले बटाटे.

मार्ग कसा ठरवलास?

मी नाही ठरवला, पासपोर्टने ठरवला. गोऱ्या लोकांच्या प्रवासवर्णनांत ‘सकाळी उठलो आणि वाटलं, पेरूला जाऊ’ अशी वाक्यं असतात. आपल्याकडे सकाळी उठून बँक स्टेटमेंटवर शिक्का आणायला जावं लागतं. नियम सतत बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. माझ्या वेळी असं होतं: नेपाळला व्हिसा नाही. कझाकस्तानात २०२२ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसाशिवाय. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा ३० दिवसांचा. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत, म्हणून तिथे मी पूर्ण अडीच महिने राहिले आणि सगळ्यात चांगले फोटो तिथलेच आहेत. देश सुंदर म्हणून नव्हे. तिसऱ्या आठवड्यात नाक्यावरची फो (नूडल्सचं सूप) विकणारी बाई मला पाहून कॅमेऱ्याकडे बघेनाशी झाली म्हणून.

पासपोर्ट नवा करायचा असेल तर ३६ ऐवजी ६० पानांचा मागा. नेहमीच्या अर्जाला १५०० ऐवजी २००० रुपये पडतात. पाचशे रुपयांत चोवीस पानं म्हणजे पानाला एकवीस रुपये. तुळशीबागेत तरी याहून बरा सौदा मिळायचा नाही.

युरोप का नाही केलंस?

शेंगेन व्हिसाचा अर्ज साधारणपणे जिथे तुम्ही रीतसर राहता तिथून करायचा असतो. टांझानियातला रहिवास संपला होता, पुण्यात दोन महिने होते तेव्हा तारीख मिळाली नाही. कंटाळा आला. झालं.

एकूण खर्च किती आला?

घरचे दोन महिने सोडून चौदा महिने, विमानाची तिकिटं धरून साडेनऊ ते दहा लाख. म्हणजे महिन्याला सत्तरच्या आसपास. आधीच्या नोकरीतली शिल्लक आणि भत्त्यातली बचत यांतून. मी गाडी घेतली नव्हती, फ्लॅटचा हप्ता नव्हता. ज्यांना हप्ता आहे त्यांना ‘हिंमत करा’ असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

काही गोष्टी कोणी सांगत नाही. पूर्व आफ्रिकेत २००६ च्या आधीच्या डॉलरच्या नोटा घेत नाहीत, चुरगळलेल्याही नाकारतात. शंभराच्या नोटेला वीसच्यापेक्षा चांगला भाव मिळतो. एटीएम किंवा कार्डाच्या मशीनने ‘रुपयांत घेऊ का?’ विचारलं तर नाही म्हणा, तिथल्या चलनातच घ्या. रुपयांतला भाव महाग पडतो.

आणि भारतातला मोबाइल नंबर मरू देऊ नका. नव्वद दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. मी ताश्कंदमध्ये एक दिवस अक्षरशः उसन्या पैशांवर काढला, त्याचं कारण एवढंच. आता आई दर महिन्याला रिचार्ज करते आणि त्याची आठवणही करून देते.

विमा?

बहुतेक भारतीय प्रवास विम्यांची एका सहलीची मुदत १८० दिवसांच्या आसपास संपते आणि पॉलिसी भारतातूनच सुरू करावी लागते. माझे मधले दोन महिने पुण्यात गेले त्यामागे हेही एक कारण होतं. कॅमेऱ्याचा विमा वेगळा काढा. सामानाच्या कलमात त्याची भरपाई हास्यास्पद असते.

कॅमेरा कोणता वापरतेस?

हा प्रश्न नेहमी काका लोक विचारतात. एक बॉडी, दोन लेन्स: ३५ मिमीची एक आणि २४-१०५ मिमीची एक. सत्तर टक्के फोटो ३५ वरचे. ३५ मिमीने चांगला फोटो हवा तर माणसाच्या जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर बोलावं लागतं.

एवढं सामान, फोटो सांभाळलेस कसे?

भारतातून निघताना विमानतळावर कस्टम्सकडून कॅमेरा-लेन्सचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, सीरियल नंबरांसह. तासभर आधी जा. परतताना ‘हे बाहेरून घेतलं का?’ विचारलं तर कागद दाखवायचा. पहिल्या वेळी मी नाही केलं. परतीला एका विमानतळावर एका साहेबांना माझ्या सहा वर्षं जुन्या लेन्सचं बिल हवं होतं.

सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, १०० वॉट-तासांच्या आतल्या चालतात. कॅमेऱ्याच्या त्याहून खूपच लहान असतात. फिल्म वापरत असाल तर ती हातात ठेवा आणि तपासणी हाताने करायला सांगा, नवी सीटी यंत्रं फिल्म धुरकट करतात.

फोटोंच्या तीन प्रती: दोन हार्ड डिस्क, एक दूर कुठेतरी. दूर म्हणजे माझ्या बाबतीत चुलत बहीण. दर दोन-तीन महिन्यांनी भारतात येणाऱ्या कोणाच्या तरी हाती मी कार्ड कोथरूडला पाठवायचे. क्लाऊड वगैरे ठीक आहे, पण न्जोंबेतल्या नेटवर एक रॉ (कॅमेऱ्यातली मूळ, भलीमोठी) फाइल चढेपर्यंत चहा निवायचा.

थंडीत (जॉर्जियाच्या डोंगराळ स्वानेतीत मला पुण्याचा स्वेटर किती बिनकामाचा आहे ते कळलं) बॅटरी आतल्या खिशात ठेवा. बाहेरून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र पुण्यात झालं. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या जुन्या लेन्सला बुरशी लागली. आफ्रिकेतल्या धुळीत वाचलेली लेन्स सहकारनगरच्या लाकडी कपाटात गेली. हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या आसपास. चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवू नका.

ड्रोन नेऊ का?

नका. मोरोक्कोसारख्या देशात कस्टम्सच काढून घेतं. पूल, छावण्या, सरकारी इमारती यांचे साधे फोटोही अनेक ठिकाणी चालत नाहीत. त्यात नवल नाही, आपला लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथेही फोटोला मनाईच आहे.

प्रकाशाबद्दल काही?

विषुववृत्ताजवळ संध्याकाळ भोळ्या माणसाला फसवते. सूर्य जवळजवळ सरळ खाली पडतो, वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. आपल्या पुण्याच्या सवयीने ‘चहा घेऊन निघू’ म्हटलं की गेलाच प्रकाश. व्हिक्टोरिया धबधब्यावर मी पौर्णिमा साधायला मुद्दाम जवळच्या लिव्हिंगस्टनमध्ये नऊ दिवस थांबले. १०८ मीटरवरून पडणाऱ्या पाण्याच्या तुषारांवर चंद्राचं इंद्रधनुष्य दिसतं. स्थानिक नाव ‘मोसी-ओआ-तुन्या’, गरजणारा धूर. पण ते वर्षाच्या पूर्वार्धात पाणी भरपूर असताना. मी गेले ऑक्टोबरात. पाणी रोडावलेलं. धनुष्य नाही, धूर नाही, खडक चांगले आले.

शाकाहारी माणसाने काय खायचं?

हा एकच प्रश्न असा आहे ज्यावर मी तासभर बोलू शकते. टांझानियात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि माहरागे म्हणजे घेवड्याची उसळ. रोज. दोन वर्षं. इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवार-शुक्रवार उपास करतात, त्या दिवशी मांस, दूध, अंडं काहीच नाही. आपल्या उपासाला साबुदाणा नि तूप, त्यांच्या उपासाला इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या धिरड्यावर, सहा प्रकारच्या डाळी-भाज्या. मी अदिस अबाबात सगळे बुधवार-शुक्रवार तुडुंब जेवले. जॉर्जियात उपासाच्या पदार्थांना ‘सामार्ख्वो’ म्हणतात, हा शब्द हॉटेलात उच्चारला की चेहरे बदलतात. तिथली लोबियो म्हणजे मातीच्या मडक्यातली राजम्याची उसळ, आणि अक्रोड वाटून भरलेलं वांगं खाताना आमच्या घरच्या भरल्या वांग्याबद्दल थोडी गद्दारी वाटली. व्हिएतनाममध्ये शाकाहाराला म्हणतात ‘चाय’. मी चहा मागत राहिले आणि मला टोफू येत राहिला. अमावास्या-पौर्णिमेला तिथे अनेक जण शाकाहार पाळतात, गाड्याही लागतात. कझाकस्तानात हाल झाले. घोड्याचं मांस हा पाहुणचार असतो आणि नाही म्हणताना शब्द अपुरे पडतात. ब्रेड, चहा, आणि आईने दिलेली भाजणी यांवर दोन आठवडे.

एकटी बाई म्हणून भीती नाही वाटली?

वाटली, आणि ती भीती उपयोगी पडली. रात्री पोचणारी बस मी घेत नाही. पहिल्या दोन रात्रींची जागा आधीच ठरवते. नवऱ्याबद्दल विचारलं तर तो आहे, इंजिनिअर आहे आणि उद्या पोचतोय. सोळा महिने तो उद्याच पोचत होता. बाई असण्याचा फायदाही आहे, आणि तो फोटोत दिसतो: मला स्वयंपाकघरात नेतात. पुरुष फोटोग्राफर बैठकीच्या खोलीत बसलेला असतो.

आजारी पडलीस का? लसी कोणत्या?

पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातूनच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतं. हे पिवळं कार्ड पासपोर्टइतकंच जपा. इथिओपिया, केनिया, युगांडासारख्या देशांतून आलात आणि कार्ड नसलं, तर भारतात उतरताना सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. बाकी मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

मला मलेरिया एकदाच झाला, तो न्जोंबेत नाही, तळातल्या गरम भागात सुट्टीला गेल्यावर. परत आल्यावर काही महिन्यांतही ताप आला तर डॉक्टरांना आधी प्रवास सांगा. पुण्यात पावसाळ्यात ताप म्हटलं की सगळे डेंग्यूच धरतात.

फोटोंवर पोट भरतं का?

आजवरची कमाई ४१ हजार रुपये. पोट नळांवर भरतं, मी पुन्हा पाणीपुरवठ्याच्याच कामात आहे. फोटोसाठा विकणाऱ्या कंपन्यांकडे हजार फोटो टाकले तरी महिन्याला एका थाळीचे पैसे येतात. जाहिरातीसाठी फोटो वापरायचा तर त्यातल्या माणसाची लेखी संमती लागते. बातमी किंवा लेखासाठी बहुधा लागत नाही, पण वर सांगितलेल्या कारणामुळे मी तिथेही घेते. व्याख्यानं, शाळांमधले कार्यक्रम यांतून मानधन मिळतं, कधी नारळ आणि शाल. माझ्याकडे सध्या पाच शाली आहेत.

नोकरीत मधल्या साडेतीन वर्षांबद्दल विचारलं नाही का?

एचआरच्या बाईंनी ‘गॅप’ म्हटलं. मुलाखत घेणाऱ्या चीफ इंजिनिअरनी तोटी उडाल्याची गोष्ट ऐकली आणि पाऊण तास दाब मोडायच्या टाक्यांवर बोलले.

परत आल्यावर जड गेलं?

पहिले दोन महिने मी दुकानात शिरताना प्रत्येकाची विचारपूस करत होते. न्जोंबेत ते केल्याशिवाय मीठही मिळत नाही. लक्ष्मी रोडवर एका दुकानदाराने ‘काय पाहिजे ते बोला’ म्हटलं आणि मी एकदम घरी आले. फोटो काढायला मात्र वर्षभर हात उचलेना. इथे मला सगळं माहीत आहे असं वाटत होतं. मग मंडईतल्या एका लिंबूवाल्या आजींकडे दर शनिवारी जायला लागले, कॅमेरा न घेता. सध्या सोळावा शनिवार झाला. त्यांनी परवा विचारलं, पिशवीत काय असतं तुझ्या?

लग्न?

तो उद्या पोचतोय.

फोटोंचे प्रिंट विकत मिळतील का?

बालगंधर्व कलादालनातल्या प्रदर्शनात जे होते त्यांतले बहुतेक मिळतील, निसर्गाचे, रेल्वेचे, बाजाजींचे. सगळ्यात जास्त विचारणा झाली ती लाल पेन आणि वहीवाल्या बाईंच्या फोटोची. तो माझ्या एकटीच्या हातात नाही. प्रत्येक मागणी मी व्हॉट्सॲपवर त्यांना कळवते, त्या किंमत ठरवतात, अर्धे पैसे समितीच्या खात्यात जातात आणि त्याची नोंद वहीत होते. पावतीचा फोटो मला येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उत्तर उशिरा येईल. तेव्हा मक्याची पेरणी असते आणि फोन घरीच राहतो.